पूर्वीचा मनुष्य

कल्याणहून येणारा रस्ता ज्या ठिकाणी मुंब्रा-पनवेल रस्त्यास येऊन मिळतो, त्या ठिकाणास शीळफाटा म्हणतात. ठाणे जिल्ह्याबाहेरील वाचकांनी हे नाव ऐकले असेल तर ते बहुधा वाहनांच्या खोळंब्याच्या बातमीतच. एका अंगास पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगास देसाईच्या खाडीकडे उतरत गेलेली सखल जमीन, आणि मध्ये रात्रंदिवस चालू असलेली मालमोटारींची रांग, एवढे या स्थळाचे वर्णन पुरे आहे. शीळ म्हणजे दगड. आणि हा सारा मुलूखही दगडाचाच. येथल्या खाणींतून निघालेली खडी मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील किती इमारतींच्या पोटात गेली असेल, याची गणती कोणास करवणार नाही. तीच खडी गाड्यांतून सांडून रस्त्याच्या कडेस पसरलेली असते, आणि पावसाळ्यात तिच्यावरून दुचाकी घसरावयास फारसे निमित्त लागत नाही.

२०१९ सालच्या श्रावणात एके सकाळी डोंबिवलीहून महाप्याच्या बाजूस जात असता प्रस्तुत लेखकाची दुचाकी तेथे घसरली. हे वाक्य मी लिहितो खरा, परंतु त्यास माझ्या स्मरणाचा आधार नाही. त्या सकाळची, आणि तिच्या आधीच्या सुमारे दोन आठवड्यांची, कोणतीच आठवण मला उरलेली नाही. घटना घडली असे म्हणावयाचे तर समकालीन साधन दाखवा, असे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांस बजावीत आलो. आणि माझ्याच आयुष्यातील एवढ्या मोठ्या घटनेसंबंधी माझ्यापाशी साधने म्हणजे पोलिसांचा पंचनामा, नाक्यावरील एका चहावाल्याची साक्ष आणि डोक्याच्या छायाचित्रांचे पाकीट, एवढीच! पंचनाम्यात नमूद आहे की, हेल्मेट डोक्यावर नसून वाहनाच्या आरशास अडकविलेले होते. दोष कोणाचा, हा प्रश्न त्या एका ओळीने निकालात निघतो, व तो मी येथेच संपवितो.

तीन आठवड्यांनी घरी आलो. हातपाय शाबूत, वाचा शाबूत, चेहऱ्यावर ओरखडाही नाही. केस वाढल्यावर टाक्यांची खूणही झाकून गेली. भेटावयास येणारा प्रत्येक जण ‘आता अगदी पूर्वीसारखे दिसता’ असे म्हणून चहा पिऊन जाई. पुढील जानेवारीत मी महाविद्यालयात रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात पानिपतच्या तिसऱ्या लढाईवर व्याख्यान होते. हे व्याख्यान मी त्यापूर्वी पंचवीस वेळा तरी दिले असेल. झोपेतून उठवून उभे केले असते तरी दिले असते. खडू घेऊन फळ्यावर सन लिहावयास हात वर केला, आणि सन आठवेना. शतक आठवेना. हात तसाच वर राहिला. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मला तो एक प्रहर वाटला. अखेरीस पहिल्या बाकावरील एका मुलीने, इतरांस ऐकू जाऊ नये अशा बेताने, सन सांगितला. मी लिहिला, तास पुरा केला, आणि घरी येऊन दार लावून बसलो.

स्मरण हे एकच नुकसान असते तर कदाचित लवकर निभावले असते. परंतु दुपारी दोनच्या पुढे डोके जड होऊन अक्षरे पुसट होत. स्वयंपाकघरातील मिक्सरचा आवाज कानात खिळ्यासारखा शिरे. आणि ज्या गोष्टींचा मला कधी राग येत नसे, अशा क्षुल्लक गोष्टींवरून मी घरात आरडाओरडा करू लागलो. माझी पत्नी गणिताची शिक्षिका आहे. तिचा स्वभाव हिशेबी व शांत. एके रात्री ती एवढेच म्हणाली, “अहो, तुम्ही पूर्वी असे नव्हता.” तिच्या म्हणण्यात यत्किंचितही दोषारोप नव्हता. पण या ‘पूर्वी’ने मला जेवढे घायाळ केले, तेवढे रस्त्यावरील दगडानेही केले नसेल. ज्या विषयावर मी पोट भरतो त्या विषयालाच मग मी हा प्रश्न विचारावयाचे ठरविले. डोक्यास मार बसून पूर्वीचे न राहिलेले लोक इतिहासात कोण होऊन गेले, आणि पुढे त्यांनी काय केले?

पहिले नाव आठवले ते त्या फसलेल्या व्याख्यानातीलच. पानिपतावरून निसटताना पायावर झालेल्या घावाने महादजी शिंदे जन्माचे अधू झाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांस उचलून वाचविले, आणि महादजींनी त्यास पुढे भावाचा मान दिला, ही कथा मराठी वाचकांस ठाऊकच आहे. तो अधू पाय घेऊन महादजी १७९४ पर्यंत, म्हणजे आणखी ३३ वर्षे जगले, आणि त्या अवधीत उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणाची सूत्रे त्यांच्या हाती आली. पण या उदाहरणाने माझे समाधान झाले नाही. पाय हा मनुष्याचा असतो. मेंदू म्हणजे मात्र मनुष्यच, अशी आपणां सर्वांची समजूत असते. महादजी लंगडू लागल्यावर ‘हे ते महादजी नव्हेत’ असे कोणी म्हटले नाही. डोक्याच्या जखमेनंतर ते वाक्य फार लवकर येते.

हे वाक्य ज्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले, तो मनुष्य लोहमार्गावरील सुरुंगवाल्यांचा मुकादम होता. फिनियस गेज त्याचे नाव. अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात कॅव्हेंडिश गावाजवळ १३ सप्टेंबर १८४८ रोजी तो खडकातील भोकात दारू ठासत असता अकस्मात भडका उडाला, आणि सुमारे साडेतीन फूट लांबीची, सव्वातेरा पौंड वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून टाळूतून बाहेर पडली. गेजचे वय तेव्हा २५. तो मेला नाही. काही मिनिटांतच तो बोलू लागला व बैलगाडीत बसून मुक्कामावर आला. जॉन हार्लो या तरुण डॉक्टराने त्याची शुश्रूषा केली, आणि पुढे १८६८ मध्ये त्याची हकीकत सविस्तर प्रसिद्ध केली. त्या हकीकतीचा सारांश असा की, पूर्वी कर्तबगार व समतोल असलेला हा मुकादम आता लहरी, शिवराळ आणि हट्टी झाला. कंपनीने त्यास जुन्या जागेवर घेतले नाही. आणि त्याचे स्नेही म्हणू लागले की, हा आमचा गेज नव्हे.

मेंदूच्या पुढल्या भागाचा स्वभावाशी संबंध असतो, हे शिकविताना गेली दीडशे वर्षे ही कथा सांगितली जाते. माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत मानसशास्त्राच्या इंग्रजी क्रमिक पुस्तकात मी ती वाचली होती, आणि पुस्तकातील गेज ‘हा गेज नव्हे’ येथेच संपला होता. दुखणे आल्यावर ती पुन्हा वाचावयास घेतली तेव्हा मला प्रथमच प्रश्न पडला, की अपघात १८४८ चा आणि मृत्यू १८६० चा. मग मधल्या बारा वर्षांचे काय झाले? अलीकडील संशोधकांनी या वर्षांचा कसून शोध घेतला आहे. काही काळ गेजने आपली पहार घेऊन लोकांपुढे प्रदर्शन मांडले. नंतर तो एका घोड्यांच्या पागेत राहिला. आणि १८५२ मध्ये चिली देशास जाऊन त्याने सुमारे सात वर्षे वालपाराइसो व सांतियागो यांच्या दरम्यान उतारूंची घोडागाडी हाकली. हार्लोच्याच लेखात उल्लेख आहे की, या गाड्या भरगच्च असत व त्यांस सहा घोडे जोडलेले असत. सहा घोड्यांचे लगाम हातात धरून, परक्या मुलखात, परकी भाषा बोलणाऱ्या उतारूंना डोंगराळ रस्त्याने शंभर मैल नेणारा मनुष्य केवळ लहरी व शिवराळ असता, तर तो सात दिवस टिकला नसता!

येथे कालगणनेचा एक योगायोग मनात येतो. आमच्या बाजूस १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली, आणि १८५४ मध्ये मुंब्र्याजवळचा डोंगर फोडून लोहमार्ग कल्याणास पोचला. म्हणजे पारसिकच्या परिसरात सुरुंगवाले दारू ठासत होते, त्याच सुमारास सुरुंगाने फुटलेले डोके घेऊन गेज चिलीत गाडी हाकीत होता. आमच्याकडील सुरुंगांनी कितींची डोकी फोडली, त्यांच्या हकीकती लिहावयास कोणी हार्लो नव्हता.

गेजची आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. जिने त्याचे डोके फोडले, ती पहार त्याने टाकून दिली नाही. हार्लो सांगतो की, ती जन्मभर त्याच्या सोबतीस होती. २००९ साली त्याचे एक जुने छायाचित्र उजेडात आले. त्यात एक देखणा, नीटनेटका पोशाख केलेला पुरुष बसला आहे. त्याचा डावा डोळा मिटलेला आहे, आणि हातात ती पहार, एखाद्या सरदाराने भाला धरावा तशी. ‘हा गेज नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनी हे छायाचित्र पाहिले असते तर त्यांस काय वाटले असते, नकळे. मला एवढेच दिसले की, या मनुष्याने आपल्या अपघातापासून तोंड फिरविलेले नाही. त्याचा शेवट मात्र सुखाचा नाही; फेफऱ्याचे झटके येऊन तो ३६ व्या वर्षी सॅन फ्रॅन्सिस्को येथे वारला. कवटी आणि पहार या दोन्ही वस्तू आज हार्वर्ड येथील संग्रहालयात आहेत.

गेज झाला तरी परका. त्याच्या मानाने नरी कॉन्ट्रॅक्टर आमच्या मुंबईचे. ते जन्माने गोध्र्याचे, रणजी करंडकासाठी गुजरातकडून खेळलेले, परंतु पुढे मुंबईस स्थायिक झालेले. माझे वडील क्रिकेटचे मोठे भोक्ते. १९६२ च्या मार्च महिन्यात नभोवाणीवर ती बातमी ऐकली त्या रात्री चाळीत कोणी नीट जेवले नाही, हे त्यांच्या तोंडून मी लहानपणी कितीदा ऐकले. म्हणून ही हकीकत मी थोड्या विस्ताराने देतो.

डावखुरे सलामीचे फलंदाज असलेले कॉन्ट्रॅक्टर वयाच्या २६ व्या वर्षी भारताचे कर्णधार झाले. धैर्याविषयी त्यांची ख्याती आधीच झाली होती. १९५९ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर स्टॅथमच्या चेंडूने बरगड्या मोडल्या असताही त्यांनी ८१ धावा काढल्या होत्या. १९६१-६२ च्या हंगामात त्यांच्या नेतृत्वाखाली आपण इंग्लंडविरुद्धची मालिका २-० अशी जिंकली. इंग्लंडवरील तो आपला पहिलाच मालिकाविजय. लगोलग संघ वेस्ट इंडीजला गेला. पहिले दोन कसोटी सामने हरल्यानंतर ब्रिजटाउन येथे बार्बाडोस संघाविरुद्ध सामना होता. चार्ली ग्रिफिथ या जलद गोलंदाजाचा चेंडू येत असता समोरच्या इमारतीत कोणीतरी खिडकी उघडली आणि क्षणभर नजर तिकडे गेली, असे कॉन्ट्रॅक्टर यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. चेंडू उजव्या कानाच्या वर लागला आणि कवटी फुटली. सुश्रुताने शरीरातील १०७ मर्मे गणिली आहेत. त्यांपैकी कान व ललाट यांच्या मधल्या शंखमर्माची गणना त्याने तत्काळ प्राण हरण करणाऱ्या मर्मांत केलेली आहे. घाव त्याच प्रदेशातला होता. फलंदाजांनी शिरस्त्राण घालण्याची चाल पडावयास तेव्हा आणखी पंधरा वर्षांचा अवकाश होता.

बेटावर मेंदूचा शस्त्रवैद्य नव्हता. तातडीची शस्त्रक्रिया तेथील सर्वसाधारण शस्त्रवैद्याने केली. रक्त हवे होते. ते देण्यास प्रतिस्पर्धी संघाचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला, आणि त्याच्याबरोबर आपल्या संघातील तिघे: नाशिकचे बापू नाडकर्णी, पुण्याचे चंदू बोर्डे आणि सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर. कॉन्ट्रॅक्टर सहा दिवस बेशुद्ध होते. वॉरेलच्या त्या रक्तदानाच्या स्मरणार्थ बंगालची क्रिकेट संघटना १९८१ पासून दरवर्षी ३ फेब्रुवारीस रक्तदान भरविते, आणि ही प्रथा मला पुष्कळ पुतळ्यांहून अधिक शोभिवंत वाटते.

पुढे वेल्लोर येथे शस्त्रक्रिया करून कवटीच्या फुटलेल्या जागी धातूचा पत्रा बसविण्यात आला. भारतातील मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये तेथेच सुरू केलेला होता. तेरा वर्षे आधी हाच अपघात घडता तर पत्रा बसविण्याची ही सोय या देशात मिळतीच ना. सर्व हितचिंतकांची समजूत होती की, हा गृहस्थ आता आरामखुर्चीत बसून सामने पाहील. कॉन्ट्रॅक्टर दहा महिन्यांत पुन्हा मैदानावर उतरले! पहिल्या प्रतीच्या सामन्यांत ते १९७०-७१ च्या हंगामापर्यंत खेळत राहिले. डोक्यात पत्रा, समोर जलद गोलंदाज, आणि डोक्यावर कापडी टोपी, अशी ती आठ वर्षे होती.

परंतु कसोटी संघात त्यांची निवड पुन्हा कधीही झाली नाही. ३१ कसोट्या आणि १,६११ धावा, हा हिशेब वयाच्या २८ व्या वर्षी बंद झाला तो झालाच. माझे वडील हा भाग सांगताना नेहमी हळहळत. ‘तो चेंडू लागला नसता तर’ या शब्दांनी त्यांचे वाक्य सुरू होई आणि पुरे होत नसे. त्यांचेच काय, क्रिकेटवर लिहिणाऱ्या कित्येकांचेही तसेच झाले आहे. त्यांच्या लेखी कॉन्ट्रॅक्टर हे नाव म्हणजे एक अपुरे राहिलेले वाक्य. मला आता या हळहळीतला अन्याय जाणवतो. चेंडू लागण्यापूर्वीचा कर्णधार सर्वांस आठवतो. चेंडू लागल्यानंतर आठ वर्षे खेळलेला, आणि पुढे चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात मुलांना खेळ शिकविणारा मनुष्य कोणी मोजीत नाही. गेजच्या चिलीतील सात वर्षांचे जे झाले, तेच यांच्या या वर्षांचे.

ग्रिफिथविषयी त्यांनी मनात आकस ठेवला नाही, ही गोष्टही नोंदण्यासारखी आहे. आकस धरावयास जागा नव्हती असे नाही. त्याच सामन्यात पंच कॉर्टेझ जॉर्डन यांनी ग्रिफिथचा एक चेंडू फेकीचा ठरवून बाद केला होता, आणि त्याच्या फेकीसंबंधीचा वाद पुढे कित्येक वर्षे गाजला. जखमी मनुष्यास दोष द्यावयाला कोणी सापडले तर तेवढाच आधार होतो, हे मी अनुभवाने जाणतो. माझ्या बाबतीत तसा कोणी सापडला नाही म्हणून मी काही दिवस खडीवरच चिडून होतो. कॉन्ट्रॅक्टर यांनी मात्र विचारणाऱ्यास खिडकीची गोष्ट सांगितली व आपले लक्ष विचलित झाले असे म्हटले. तो धातूचा पत्रा ६० वर्षे त्यांच्या डोक्यात राहिला. वरची कातडी विरू लागल्यामुळे २०२२ मध्ये, त्यांच्या वयाच्या ८८ व्या वर्षी, मुंबईत शस्त्रक्रिया करून तो काढण्यात आला.

त्यांच्या जागी ब्रिजटाउनच्या कसोटीत जो कर्णधार झाला, त्याचे वय अवघे २१ होते. मन्सूर अली खान पतौडी यांनी आठ-नऊ महिन्यांपूर्वीच, १ जुलै १९६१ रोजी, इंग्लंडात मोटारीच्या अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावली होती. तेव्हा फुटलेल्या डोक्याच्या कर्णधाराकडून संघाची धुरा एका डोळ्याच्या कर्णधाराकडे आली. पतौडी यांनी टोपीची कड निकामी डोळ्यावर ओढून, उभे राहण्याची ढब बदलून, आपला खेळ नव्याने बसविला. अपघातापूर्वी आपण कोणत्या दर्जाचे फलंदाज झालो असतो याची त्यांना कल्पना नसेल असे नाही. परंतु त्यांनी ज्या ४६ कसोट्या खेळल्या, त्या सर्व अपघातानंतरच्या आहेत. अपघातापूर्वीचा कसोटीवीर पतौडी असा कोणी नव्हताच. या एका गोष्टीवर मी बरेच दिवस विचार करीत होतो.

जखमेवर फुंकर घालणारी पुस्तके या काळात मला अनेकांनी आणून दिली. ‘आनंदी राहा, आशा धरा, मनाने घ्या’ हा त्यांचा मथितार्थ. देणाऱ्यांचा हेतू चांगला. पण मेंदूच जेथे दुखावला आहे तेथे ‘मनाने घ्या’ म्हणजे पाय मोडलेल्यास ‘धावत जाऊन औषध आण’ म्हणण्यासारखेच होय. त्यापेक्षा मला कुर्ट गोल्डस्टाइन या जर्मन वैद्याचे निरीक्षण अधिक उपयोगी पडले. पहिल्या महायुद्धात डोक्यास गोळी लागलेल्या सैनिकांची त्याने फ्रँकफुर्ट येथे वर्षानुवर्षे देखभाल केली. हे सैनिक आपल्या वस्तू विलक्षण टापटिपीने मांडून ठेवीत, आणि एखादी जागची हलली तर कासावीस होत. बघणाऱ्यास तो विक्षिप्तपणा वाटे. गोल्डस्टाइनने ओळखले की, ही टापटीप म्हणजे त्यांची तटबंदी आहे. जे आपल्याने झेपणार नाही त्यापासून दूर राहून, जे झेपते त्याची व्यवस्था लावून, हे लोक जगण्याजोगा लहानसा मुलूख राखून आहेत. पुढे १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्या वैद्यासच देशोधडीस लावले, आणि अमेरिकेत जाऊन उतारवयात नवा संसार मांडण्याची पाळी त्याच्यावर आली. आपल्या रोग्यांची आठवण त्यास तेव्हा झाली असेल काय?

दुसरा आधार मिळाला तो झासेत्स्की या रशियन सैनिकाचा. १९४३ मध्ये गोळी डोक्यात शिरून त्याची वाचण्याची, मोजण्याची, किंबहुना आपल्याच शरीराचा उजवा भाग जाणण्याची शक्ती गेली. त्याचा डॉक्टर लुरिया लिहितो की, अक्षरे एकेक आठवून लिहू गेल्यास त्यास लिहिता येत नसे. हात मोकळा सोडला तर शब्द उमटत, परंतु उमटलेला शब्द त्यालाच वाचता येत नसे. असे असता त्याने २५ वर्षांत सुमारे ३,००० पाने लिहिली. तो बरा झाला नाही. बरा होण्यासाठी तो लिहीतही नव्हता. आपणास काय झाले ते आपणच सांगावे, एवढी त्याची ईर्षा होती. हे वाचले त्या दिवशी मी बाजारातून दोनशे पानी वही आणली.

या वहीसंबंधी दोन शब्द. तिच्या पहिल्या भागात सन, सनावळ्या व नावे आहेत. दुसऱ्यात दिवसाची कामे. तिसऱ्यात राग आला तो कशावरून, याची नोंद. प्रारंभी ती मी कोटाच्या आतल्या खिशात लपवून ठेवीत असे. इतिहासाच्या अध्यापकाने सन वहीत पाहावा, हे मला विठोबाच्या बडव्याने आरती पोथीत पाहून म्हणण्यासारखे वाटे. आता ती टेबलावर उघडी असते. कामांच्या पानावर पत्नीही लिहिते. ‘दुधाचा हिशेब. दोनला झोपणे. मिक्सर चारनंतर.’ असा तिचा मजकूर असतो.

तिच्याविषयी मात्र मला एक गोष्ट फार उशिरा कळली. आपल्या नुकसानीच्या मोजदादीत मी इतका गुंतलो होतो की, या घरात दुसऱ्याही कोणाचे काही गेले आहे हे माझ्या ध्यानीच आले नाही. एके संध्याकाळी जुन्या सहलीचे छायाचित्र पाहत असता ती सहज म्हणाली, “मला यांची फार आठवण येते.” छायाचित्रात मीच होतो, तिच्या शेजारी. मनुष्य मेला तर त्यास सुतक आहे, दहावा-तेरावा आहे, शेजारीपाजारी येऊन बसतात. येथे मनुष्य घरात वावरतो आहे, चहा मागतो आहे. रडावयाचे कोणासाठी आणि कोणासमोर? ‘हा गेज नव्हे’ असे म्हणणाऱ्या स्नेह्यांवर मी वर जो राग काढला आहे, तो त्या दृष्टीने पुरता न्याय्य नाही. त्यांचाही एक स्नेही गेलाच होता. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी छायाचित्रातल्या त्या गृहस्थाविषयी पुष्कळ वेळ गोष्टी केल्या: त्याचे पाठांतर, त्याचे विनोद, त्याचा उतावळेपणा. होय, उतावळेपणा. पूर्वीचा मनुष्य सर्वगुणसंपन्न होता अशी जी माझी समजूत होत चालली होती, ती तिने हसून दुरुस्त केली. हेल्मेट आरशास अडकवून दुचाकी हाकणारा तो तोच होता!

सरकारदरबारीही या दुखण्याची स्थिती अशीच न धड आत, न धड बाहेर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार गणलेले आहेत. त्यांत मेंदूच्या आघाताचे स्वतंत्र नाव नाही. आघातामुळे जे काही गेले असेल, म्हणजे वाचा, हातपाय किंवा मानसिक स्वास्थ्य, त्याच्या सदरात त्या मनुष्याने आपली जागा शोधावयाची. ज्याचे फक्त दुपारी दोननंतरचे तास गेले, त्याने कोणत्या सदरात जावे?

शीळफाट्यावरून मी आजही जातो, मात्र बसने. खडी तशीच पडलेली असते. त्या चहावाल्याकडे कधी उतरतो. तो मला ‘मास्तर’ म्हणतो, आणि मी रस्त्यावर पडलो त्या दिवसाची हकीकत दरवेळी थोडी वाढवून सांगतो. साधन या दृष्टीने त्याची साक्ष आता फारशी विश्वसनीय राहिलेली नाही.

गेल्या जानेवारीत पानिपतवरचे व्याख्यान पुन्हा आले. मी वही उघडून टेबलावर ठेवली, तिच्यात पाहिले, आणि फळ्यावर १७६१ लिहिले. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, तुम्हांला अजून बघून लिहावं लागतं?”

“लागतं,” मी म्हटले, आणि महादजींच्या पायाकडे वळलो.